जुनी सुबारू वॅगन उचलायची म्हणजे नक्की काय काय उचलायचं?

समजा सुबारूच्या दोन जुन्या फॉरेस्टर शेजारी शेजारी उभ्या आहेत, दोन्ही तीन इंच लिफ्ट केलेल्या, म्हणजे उंच केलेल्या, बाहेरून बघितलं तर अगदी सारख्या दिसतात. पण एकच दगड दोघींच्या खालून घालवला तर एक अलगद पार होते आणि दुसरीचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, खाडकन आपटतो. दोघींचे मालक खरंच सांगतायत, लिफ्ट तीन इंचाचीच आहे. फरक असा की एकीत तीन इंच एका ठिकाणी घातलेत आणि दुसरीत भलत्याच ठिकाणी. हे समजलं ना की बाकीचं सगळं आपोआप उलगडत जातं, म्हणून "किती इंच" हे थोडा वेळ बाजूला ठेवू आणि कुठला भाग कशाच्या मानाने वर गेला ते बघू.

आधी गाडीच्या खाली काय आहे ते. सुबारूने लिओनीची फोर व्हील ड्राइव्ह एस्टेट १९७२ मध्ये जपानात आणली आणि तेव्हापासून यांच्या वॅगनची मांडणी साधारण तीच राहिली. पुढे आडवं बसलेलं बॉक्सर इंजिन, म्हणजे ज्याचे पिस्टन डावीकडे-उजवीकडे चालतात, त्याच्या मागे सरळ रेषेत गिअरबॉक्स, पुढचा डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात, तिथून एक शाफ्ट मागे जातो तो मागच्या डिफरन्शियलला, आणि प्रत्येक डिफरन्शियलमधून दोन बाजूंना दोन छोटे एक्सल निघून चाकाला मिळतात. चारही चाकं स्वतंत्र, एक वर गेलं म्हणून दुसरं हलत नाही.

इथे जीपसारख्या सॉलिड एक्सलच्या गाड्यांपेक्षा मोठा फरक पडतो. सॉलिड एक्सलमध्ये डिफरन्शियल एक्सलच्या मधोमध असतो आणि एक्सल चाकांना बांधलेला, त्यामुळे स्प्रिंग कितीही उंच लावा, डिफरन्शियल जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो, तो वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो. सुबारूत डिफरन्शियल बॉडीला किंवा बॉडीखालच्या सबफ्रेमला, म्हणजे यंत्रणा टांगायच्या लोखंडी चौकटीला, बोल्ट केलेला असतो, म्हणजे सस्पेन्शन उंच केलं की तोही गाडीबरोबर वर जातो. ऐकायला फारच छान वाटतं, आणि आहेही, पण त्याची किंमत कुठे मोजावी लागते तर त्या छोट्या एक्सलच्या दोन टोकांना असलेल्या सीव्ही जॉइंटमध्ये, म्हणजे वाकलेल्या अवस्थेतही फिरत राहणाऱ्या जोडांमध्ये. डिफरन्शियल वर गेला, चाक खालीच राहिलं, मग मधला एक्सल तिरका झाला. सगळ्या सुबारू लिफ्टचं गणित या तिरकेपणाभोवती फिरतं.

तर गाडीत तीन मजले आहेत असं धरा. सगळ्यात खाली चाक, मधे इंजिन-गिअरबॉक्स-डिफरन्शियल आणि सबफ्रेम, सगळ्यात वर बॉडी. लिफ्ट म्हणजे यातल्या कुठल्या तरी दोन मजल्यांमधलं अंतर वाढवणं.

सगळ्यात लोकप्रिय पद्धत म्हणजे स्ट्रटवर स्पेसर. स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब, त्याचं वरचं टोक बॉडीला बोल्ट असतं, त्या जोडात अॅल्युमिनियमचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा एक जाड ठोकळा बसवायचा, लांब बोल्ट घालायचे, झालं. दोन इंचाचा ठोकळा म्हणजे साधारण दोन इंच उंची. स्प्रिंग तीच, शॉक तोच, गाडी बसायला आधीइतकीच मऊ. बॉडी वर गेली आणि तिच्याबरोबर मधला मजलाही वर गेला, म्हणजे क्लिअरन्स, जमीन आणि गाडीचं पोट यांच्यातलं अंतर, खराखुरा वाढला.

आता इथली गोम लक्षात घ्या, कारण ही फार लोकांच्या लक्षात येत नाही. स्ट्रटची स्वतःची एक हालचाल असते, पूर्ण दबलेला ते पूर्ण लोंबलेला. स्पेसर घातल्यावर ही अख्खी हालचाल दोन इंच खाली सरकते. म्हणजे खड्ड्यात चाक पूर्ण लोंबतं तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या शेवटच्या बिंदूच्याही दोन इंच खाली जातं, आणि सीव्ही जॉइंट असा कोन बघतो जो त्याने नव्या गाडीत कधीच बघितला नव्हता. एक्सलच्या बाहेरच्या टोकाचा जॉइंट बराच कोन सहन करतो कारण त्याला स्टीअरिंग वळवायचं असतं, आतल्या टोकाचा मात्र आत-बाहेर सरकण्यासाठी बनलेला असतो आणि त्याची कोनाची ताकद बरीच कमी असते. चाक लोंबलेलं, स्टीअरिंग पूर्ण वळलेलं आणि त्यात जोरात अॅक्सिलरेटर, या तिन्ही गोष्टी एकदम झाल्या की एक्सल जातो. मोडतो तेव्हा बहुतेक वेळा असाच मोडतो.

दुसरी पद्धत उंच किंवा कडक स्प्रिंगची. स्ट्रट तोच ठेवून त्यावर जास्त ताकदीची स्प्रिंग लावली की गाडी उभी असताना उंच बसते, पण स्ट्रट लोंबायचा तितकाच लोंबतो, त्याच्या शेवटच्या बिंदूत काहीच बदल नाही. म्हणजे सीव्हीचा सगळ्यात वाईट कोन नव्या गाडीसारखाच राहतो, फक्त रोजच्या चालण्यातला कोन वाढतो. बदल्यात तुम्ही लोंबायची जागा गमावता, चाक खड्ड्यात खाली जाऊन जमीन पकडायच्या आधीच स्ट्रट ताणून संपतो आणि चाक हवेत लटकतं. वॅगनमध्ये मागे सामान भरणाऱ्यांसाठी मात्र ही पद्धत मला सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण जुन्या वॅगनच्या मागच्या स्प्रिंगा मुळातच बसलेल्या असतात. काही फॉरेस्टरमध्ये मागे सेल्फ लेव्हलिंग स्ट्रट येतात, सामान टाकल्यावर आपोआप पंप होऊन मागची बाजू वर उचलणारे, ते म्हातारे झाले की गाडी मागून कायमची बसते आणि लोकांना वाटतं लिफ्ट हवी. तिथे आधी साधे स्ट्रट आणि योग्य स्प्रिंगा घाला, हरवलेली उंची तिथेच परत मिळते.

तिसरी पद्धत म्हणजे सुबारूचेच दुसऱ्या मॉडेलचे लांब स्ट्रट वापरायचे. इम्प्रेझा वॅगनमध्ये फॉरेस्टरचे स्ट्रट, लेगसीमध्ये त्याच पिढीच्या आउटबॅकचे. ही जुनी आणि खात्रीची युक्ती आहे, शॉक आणि स्प्रिंग एकमेकांसाठीच बनलेली असतात म्हणून चालायला गाडी फार छान लागते. उंची दीड-दोन इंचाच्या पुढे जात नाही पण तेवढी कित्येकांना पुरते. फक्त वर्षं नीट जुळवा, एका पिढीचा स्ट्रट दुसरीत बसतोच असं नाही, ब्रेकच्या पाइपचा ब्रॅकेट कुठे आहे इथपासून फरक असतात.

उंची वाढली की चाकांचे कोनही बिघडतात, तेही एकदा समजून घेऊ. स्ट्रटचं वरचं टोक जागच्या जागी बांधलेलं, खालचा कंट्रोल आर्म मात्र एका बिजागरीवर फिरतो, तो खाली झुकला की त्याचं टोक थोडं आत येतं, त्यामुळे चाकाचा खालचा भाग आत आणि वरचा भाग बाहेर झुकतो. याला पॉझिटिव्ह कॅम्बर म्हणतात, आणि हे तसंच राहू दिलं तर टायरची बाहेरची कड झिजते आणि वळणावर गाडी सैल वाटते. पुढे स्ट्रट आणि चाकाची नकल, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो लोखंडी भाग, यांच्या जोडात एक एक्सेंट्रिक बोल्ट असतो, तो फिरवून बरंच सरळ करता येतं, कमी पडलं तर जास्त रेंजचा कॅम्बर बोल्ट मिळतो. मागे वेगळीच भानगड होते. मागचं चाक एका लांब ट्रेलिंग आर्मवर असतं, ज्याची बिजागरी चाकाच्या पुढे आहे. आर्म खाली झुकला की चाक फक्त खाली जात नाही तर पुढेही सरकतं, आणि मग मोठा टायर मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढच्या कडेला घासायला लागतो. लोक ती कड हातोडीने ठोकून बसतात, खरा उपाय आहे ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या ब्रॅकेटखाली स्पेसर घालून बिजागरीच खाली आणणं, म्हणजे आर्म परत पहिल्यासारखा आडवा होतो आणि चाक कमानीच्या मध्यावर येतं. लिफ्ट किट घेताना हे स्पेसर त्यात आहेत का ते नक्की बघा.

दोन इंचांपर्यंत हे सगळं निभावतं. त्यापुढे जायचं तर एक्सलचा तिरकेपणा कमी करायलाच लागतो आणि तिथे सबफ्रेम ड्रॉप येतो. म्हणजे बॉडी आणि मधला मजला यांच्यामध्ये ठोकळे घालायचे, इंजिनचा क्रॉसमेंबर (म्हणजे त्याला पेलणारी आडवी पट्टी), गिअरबॉक्सचा क्रॉसमेंबर, मागची सबफ्रेम, सगळं बॉडीपासून सुटं करून खाली आणायचं. एक्सल परत सरळ होतात, कॅम्बर आपोआप जागेवर येतो, स्टीअरिंगचे टाय रॉड पुन्हा आडवे होतात. फार सुंदर काम आहे पण आता आपल्या सुरुवातीच्या दोन फॉरेस्टर आठवा. स्ट्रटवर तीन इंच आणि सबफ्रेमवरही तीन इंच घातले तर बॉडी तीन इंच वर गेली, पण डिफरन्शियल बॉडीपासून तीन इंच खाली आला, म्हणजे जमिनीपासून तो होता तिथेच! वाढलं काय, तर दारांखालच्या पट्टीची उंची, बंपरची उंची आणि चाकाच्या कमानीतली जागा. दगड लागतो तो मात्र क्रॉसमेंबरला आणि डिफरन्शियलला, त्यांच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. अलगद पार झालेल्या गाडीत तीनही इंच फक्त स्ट्रटवर आहेत, तिचा डिफरन्शियल खरोखर वर गेलाय म्हणून ती दगडावरून पार झाली, पण तिचे एक्सल कायम तणावात आहेत आणि लवकर संपणार.

म्हणून समजून केलेल्या लिफ्टमध्ये दोन्हीचं मिश्रण असतं, स्ट्रटवर जितके इंच त्यापेक्षा सबफ्रेमवर कमी, आणि त्या दोघांतला फरक हा तुमचा खरा क्लिअरन्स. उदाहरणार्थ स्ट्रटवर तीन आणि सबफ्रेमवर एक, तर डिफरन्शियल दोन इंच वर, एक्सलना दोन इंचाचाच तिरकेपणा, आणि टायरसाठी तीन इंच जागा. किट विकणारा एकच आकडा सांगतो, तुम्ही दोन विचारा.

जुन्या वॅगनमध्ये, म्हणजे १९८० च्या दशकातल्या ईए८१ आणि ईए८२ इंजिनवाल्या लिओनी, जीएल, लोयाल वगैरेमध्ये, लोक वर्षानुवर्षं या ठोकळ्यांच्याच लिफ्ट करत आलेत. लोखंडी चौकोनी पाइपचे तुकडे कापून बॉडी आणि क्रॉसमेंबरच्या मध्ये, स्ट्रटच्या डोक्यावर, मागचा डिफरन्शियल ज्या मिशीच्या आकाराच्या पट्टीला टांगलेला असतो तिच्यावर, सगळीकडे सारख्या जाडीचे. तीन-चार इंच अशा गाड्या सहज उचललेल्या दिसतात. यात एक्सलना काहीच त्रास नाही कारण खालची सगळी यंत्रणा एकमेकांच्या मानाने जागेवरच आहे. पण मग स्टीअरिंगचा शाफ्ट तोकडा पडतो कारण स्टीअरिंग बॉडीत आणि रॅक खाली क्रॉसमेंबरवर, तिथे लांबी वाढवणारा तुकडा लागतो आणि तो तुकडा घरगुती वेल्डिंगने करायची वस्तू नाही, चाक हातात राहिलं आणि गाडी सरळ गेली तर विषय संपला. शिवाय गिअर लिव्हरचे जोड, ब्रेकचे रबरी पाइप, रेडिएटरचे होज, हँडब्रेकच्या केबल, प्रत्येकाला लांबी पुरते का हे चाकं पूर्ण लोंबवून बघायला लागतं. अशा लिफ्टचा खरा उपयोग मोठा टायर बसवण्यासाठी असतो, क्लिअरन्स मग टायर देतो.

आणि टायर हीच एक गोष्ट आहे जी तिन्ही मजले एकदम वर नेते, खाटेच्या चारही पायांखाली विटा लावाव्यात तशी. हिशोब सोपा, टायरचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्मा क्लिअरन्स. जुन्या फॉरेस्टरचा २०५/७० आर १५ टायर व्यासाने साधारण ६६८ मिलिमीटर. त्याजागी २१५/७५ आर १५ लावला तर साधारण ७०३, म्हणजे ३५ ने मोठा, म्हणजे गाडीखालचं सगळंच्या सगळं १७-१८ मिलिमीटर वर. आकडा लहान वाटतो, पण पहिल्या फॉरेस्टरचा मूळ क्लिअरन्सच १९ सेंटिमीटरच्या आसपास होता, त्यात एकही जॉइंट न ताणता पावणेदोन सेंटिमीटर मिळाले. वर ऑल टेरेन टायरचा जाड साइडवॉल मिळतो, दगडावर न फाटणारा, आणि हवा कमी केली की पसरून जमीन पकडणारा. हवा कमी करणं ही तर फुकटातली सुधारणा आहे, वाळूत आणि दगडात १८-२० पीएसआयवर आणा आणि गाडी किती वेगळी वागते ते बघा, फक्त डांबरावर यायच्या आधी परत भरायचा पंप गाडीत असू द्या.

टायरला मर्यादा कोण घालतं तर बहुतेक वेळा स्ट्रटवरची स्प्रिंगची बशी. ती टायरच्या अगदी डोक्यावर येते आणि लिफ्ट कितीही केली तरी ती चाकाच्या बरोबरच फिरते, म्हणजे लिफ्टने ही जागा वाढत नाही. म्हणून टायर उंच घ्यायचा तर कमी ऑफसेटचा, म्हणजे हबवर आणखी बाहेर बसणारा, रिम घेऊन चाक थोडं बाहेर काढायचं, आणि मग ते बाहेर कमानीला घासतं आणि व्हील बेअरिंगवर जास्त जोर येतो, असं एकातून एक निघत जातं. रिमचे बोल्टही बघायचे, लेगसीपासून पुढच्या जुन्या वॅगनना पाच बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, त्याआधीच्यांना चार बोल्ट १४० च्या वर्तुळावर. या चार बोल्टवाल्यांसाठी एक मजेदार योगायोग आहे, बऱ्याच जपानी पिकअपचे सहा बोल्ट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, म्हणजे जवळजवळ त्याच, त्यामुळे हबमधली समोरासमोरची दोन भोकं तशीच वापरून आणखी चार पाडली की पिकअपचे १५ इंची लोखंडी रिम थेट बसतात. लेथवर नीट मोजून पाडायचं काम आहे, हाताच्या ड्रिलने नाही.

आणखी एक, ऑल व्हील ड्राइव्ह सुबारूत चारही टायर सारखेच हवेत, आणि सारखे म्हणजे फक्त साइजने नाही तर झिजेनेही. घेराचा फरक पाव इंचाच्या, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरच्या आत ठेवायला सांगतात. ट्रेड फक्त १ मिलिमीटरने कमी असली तरी घेर ६ मिलिमीटरने बदलतो, म्हणजे तीन जुने आणि एक नवा असं चालवलं की मधला डिफरन्शियल किंवा ऑटोमॅटिकमधला ट्रान्सफर क्लच सतत घसरत, तापत राहतो. स्पेअरही त्याच साइजचा पाहिजे, जंगलात पंक्चर झाल्यावर लहान स्पेअर लावून चढ चढायला लागलं तर गिअरबॉक्सचं आयुष्य खर्ची पडतं.

मोठ्या टायरने गिअरिंगही बदलतं. वरच्या उदाहरणात व्यास ५ टक्क्यांहून थोडा जास्त वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला, स्पीडोमीटर ९५ दाखवतो तेव्हा गाडी १०० ने जात असते, आणि चढावर इंजिन तेवढंच दमतं. रस्त्यावर हे चालून जातं पण दगडातून हळू जायचं असतं तिथे त्रास होतो, कारण बऱ्याच सुबारूंना लो रेंज, म्हणजे सगळे गिअर आणखी हळू आणि ताकदीचे करणारी जादा सोय, नाही. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्येही जितकं हळू जायला हवं तितकं जात नाही, मग क्लच अर्धा दाबून चालवायचा, आणि दहा मिनिटांत जळका वास. माझ्या मते दगडी वाटांसाठी लो रेंज नसलेल्या मॅन्युअलपेक्षा ऑटोमॅटिक वॅगन बरी, टॉर्क कन्व्हर्टर तापतो पण झिजत नाही, आणि तापण्याला ट्रान्समिशन ऑइलचा वेगळा कूलर हा स्वस्त उपाय आहे. ज्यांच्याकडे ड्युअल रेंज, म्हणजे हाय आणि लो दोन्ही असलेला, गिअरबॉक्स आहे त्यांनी तो जपावा. ईए८२ च्या पाच गिअरच्या ड्युअल रेंजमध्ये लो लावल्यावर सगळे गिअर साधारण १.६ पटीने खाली येतात. काही बाजारांत, मुख्यतः ऑस्ट्रेलियात, मॅन्युअल फॉरेस्टरलाही ड्युअल रेंज आली, पण तिचं लो इतकं खोल नाही. मोठ्या जीपगाड्यांच्या अडीच-पावणेतीन पट लोच्या मानाने हे कमीच, तरी क्लच वाचवायला पुरेसं. दुसरा मार्ग म्हणजे फायनल ड्राइव्हच, म्हणजे डिफरन्शियलमधलं शेवटचं गिअर गुणोत्तरच, बदलायचा, ४.११ च्या जागी ४.४४ घातला तर साधारण ८ टक्के फरक पडतो, मोठ्या टायरने घालवलेलं सगळं परत मिळून वर थोडं शिल्लक राहतं. पण पुढचा डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आत असल्याने बहुतेक लोक अख्खा गिअरबॉक्सच बदलतात, आणि मागचा डिफरन्शियल त्याच्याशी जुळणाराच लागतो, दोघांचं जमलं नाही तर गाडी स्वतःशीच भांडते आणि काहीतरी फुटतं.

चाक हवेत गेल्यावर काय होतं तेही महत्त्वाचं. साधा डिफरन्शियल सगळी ताकद सोप्या बाजूला, म्हणजे हवेत फिरणाऱ्या चाकाला देतो. पुढचं एक आणि मागचं एक, असे कोपऱ्यातले दोन चाक हवेत गेले की सुबारू जागेवर उभी राहून फिरवत बसते. काही वॅगनना मागे व्हिस्कस लिमिटेड स्लिप, म्हणजे घट्ट द्रवाच्या जोरावर चाकाचं मोकाट फिरणं रोखणारा डिफरन्शियल, येतो, असेल तर उत्तम, जुना असेल तर त्यातला द्रव थकलेला असू शकतो. १९८० च्या दशकातल्या पार्ट टाइम फोर व्हीलवाल्या, म्हणजे हवं तेव्हाच चारही चाकं जोडता येणाऱ्या, गाड्यांत लोक मागच्या डिफरन्शियलचे आतले गिअर सरळ वेल्ड करून टाकतात, म्हणजे मागची दोन्ही चाकं कायम एकत्र. जंगलात जबरदस्त चालतं, पण डांबरावर वळताना टायर घासतात, त्यावर त्यांचा तोडगा असा की रस्त्याला लागायच्या आधी मागच्या एका एक्सलच्या पिना काढून एक्सलच उतरवायचा. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत मात्र वेल्डिंगच्या नादी लागू नका, तिथे मागची चाकं रस्त्यावरही कायम ताकद घेतात आणि ताण सगळ्या यंत्रणेवर येतो.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी एक छान युक्ती आहे. चार गिअरच्या साध्या ऑटोमॅटिकमध्ये मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच ड्युटी सी नावाच्या सोलेनॉइडने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हने, चालतो, आणि त्याची रचना उलटी आहे, वीज पूर्ण दिली की क्लच सुटतो आणि गाडी पुढच्या चाकांवर चालते, वीज तोडली की क्लच पूर्ण आवळतो. म्हणजे त्या वायरवर एक स्विच बसवला की डॅशबोर्डवरून पुढचा-मागचा अर्धा-अर्धा लॉक मिळतो. फक्त घसरड्या जमिनीवर आणि हळू असतानाच वापरा, कोरड्या डांबरावर लॉक ठेवून वळलात तर गाडी अडखळते, तोच आवळलेपणा क्लच खातो. वीज तोडलेली दिसल्यावर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर फॉल्ट दाखवू शकतो, म्हणून जाणकार लोक त्याला फसवायला एक रेझिस्टर जोडतात. टर्बो आणि सहा सिलिंडरवाल्या काही वॅगनमध्ये मधली यंत्रणा वेगळी आहे, तिथे हे असंच चालेल असं धरू नका.

इंजिनबद्दल थोडक्यातच. ईजे२२, म्हणजे ईए८२ नंतरच्या पिढीचं २.२ लिटरचं इंजिन, हे सुबारूच्या सगळ्यात टिकाऊ इंजिनांत मोजलं जातं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या ईजे२२ ला टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन आपटत नाहीत. म्हणूनच ईए८२ च्या जेमतेम ९० हॉर्सपॉवरला कंटाळलेले लोक अडॅप्टर प्लेट लावून जुन्या वॅगनमध्ये ईजे२२ बसवतात, साधारण १३० हॉर्सपॉवर आणि जुना ड्युअल रेंज गिअरबॉक्स अशी जोडी मिळते. जुन्या ईजे२५ (२.५ लिटरच्या) वॅगन घेताना हेड गास्केट आधी तपासा, सुरुवातीच्या डबल कॅमवाल्यांत ते आतून जाऊन कूलंटमध्ये बुडबुडे येतात, नंतरच्या सिंगल कॅमवाल्यांत बहुतेक बाहेरून गळतं. जंगलात गाडी तासन्तास कमी वेगात आणि जास्त जोरात चालते, रेडिएटरला वारा मिळत नाही, दुबळं गास्केट आणि अर्धा बुजलेला रेडिएटर नेमका तिथेच उघडा पडतो.

खाली संरक्षण लिफ्टच्या आधी करा असं मी आग्रहाने सांगेन. बॉक्सर इंजिनचे एक्झॉस्ट पाइप इंजिनच्या खालून जातात, म्हणजे पहिला दगड त्यांनाच लागतो, त्यांच्या शेजारी ऑइल पॅन. मूळ गाडीत तिथे एक प्लास्टिकची पातळ झाकण असते. त्याजागी ५ मिलिमीटर अॅल्युमिनियम किंवा ३ मिलिमीटर स्टीलची स्किड प्लेट घाला, ती बॉडीच्या पत्र्याला नाही तर क्रॉसमेंबरला बांधलेली असू द्या, वारा खेळायला आणि ऑइल काढायला भोकं ठेवा. मग गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलची वेगळी प्लेट. आणि पुढे-मागे खरेखुरे रिकव्हरी पॉइंट, कारण वाहतुकीसाठी बांधायचे जे छोटे हुक असतात ते धक्क्याने ओढायला बनलेले नाहीत, चिखलात रुतलेली गाडी ओढताना तुटलेला हुक गोळीसारखा येतो.

वॅगन म्हणून काही गोष्टी लिफ्टने सुटत नाहीत हेही माहीत असावं. लेगसी आणि आउटबॅकच्या त्या काळच्या वॅगनचा व्हीलबेस २६३० मिलिमीटर, पहिल्या फॉरेस्टरचा २५२५, म्हणून तीक्ष्ण उंचवट्यावर लेगसीचं पोट लवकर टेकतं, तेवढाच क्लिअरन्स असूनही. मागचा बंपर लांब बाहेर आलेला, खड्ड्यातून वर येताना तोच घासतो. पुढचा बंपर कापून आखूड करणं हे कधी कधी एक इंच लिफ्टपेक्षा जास्त कामाचं ठरतं. छतावर तंबू, कॅन, दोन स्पेअर चढवले तर आडव्या उतारावर गाडी किती कलंडते तेही बघा, उंची वाढवलेली आहेच.

जुनी गाडी असल्यामुळे कुठलाही ठोकळा घालायच्या आधी तिला मूळ तब्येतीत आणा. स्ट्रटच्या डोक्याखालचा पत्रा आणि मागच्या सबफ्रेमच्या जोडाची जागा गंजलेली असेल तर तिथे लांब बोल्ट घालून ताण वाढवणं धोक्याचं आहे. सीव्ही बूट बघा, ईजे इंजिनवाल्यांचा पुढचा उजवा आतला बूट एक्झॉस्टच्या अगदी जवळ असल्याने तापून सगळ्यात आधी तडकतो आणि ग्रीस पाइपवर पडून जळका वास येतो, लिफ्टनंतर तो आणखी ताणला जातो. बूट फाटला की आत धूळ-पाणी जातं आणि चांगला जॉइंट काही दिवसांत कटकट करायला लागतो. मूळचे एक्सल शाबूत असतील तर बूट बदला पण एक्सल फेकू नका, स्वस्तातले नवे म्हणून विकले जाणारे कित्येक एक्सल लिफ्टच्या कोनात त्यांच्याइतके टिकत नाहीत. गाडीत एक सुटा एक्सल आणि तो बदलायची हत्यारं ठेवणं ही उचललेल्या सुबारूची सवयच असायला हवी. आणि तुमच्या देशात उंची किती वाढवायला परवानगी आहे, इन्शुरन्सला कळवायचं का, हे आधी बघून घ्या, नियम ठिकठिकाणी फार वेगळे आहेत.

काम झाल्यावर घाई करू नका. कंट्रोल आर्म आणि ट्रेलिंग आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत, आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा पुढेमागे ढकलून सस्पेन्शन बसू द्यायचं आणि मग टॉर्क रेंचने आवळायचं, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट. हेडलाइट खाली वळवा, गाडी वर गेल्याने समोरच्याच्या डोळ्यात जातात. स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून, एक चाक ठोकळ्यावर चढवून, ब्रेकचा पाइप कुठे ताणतोय का आणि टायर कुठे घासतोय का ते हात घालून बघा. आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर प्रत्येक स्पेसरचा प्रत्येक बोल्ट पुन्हा रेंचने तपासा, रंग लावलेल्या नव्या ठोकळ्यांमधला रंग दबतो आणि बोल्ट सैल पडतात.